आजार ओसरल्यावर कानात उरणारा नाद

सर्दीपडशाचा ताप चार दिवसांत उतरतो. कानातली ठणक थांबते, उशीवर डाग पाडणारा स्रावही बंद होतो. डॉक्टर कानात प्रकाश टाकून पडदा पाहतात आणि संसर्ग गेल्याचे सांगतात. घरची मंडळी निश्चिंत होतात. रोगी मात्र निश्चिंत होत नाही. त्याच्या कानाला दडा बसलेला असतो. स्वतःचाच आवाज त्याला माठात तोंड घालून बोलल्यासारखा घुमून ऐकू येतो. कानात बोट घालून हलवावे, जांभई द्यावी, नाक शिंकरावे, क्षणभर काही तरी सुटल्यासारखे वाटावे आणि पुन्हा पूर्ववत व्हावे, असे दिवसभर चाललेले असते. रात्री दिवे मालवले, गल्लीतली वर्दळ थांबली, की एक बारीक, अखंड आवाज सुरू होतो. कोणाला तो रातकिड्यांच्या किरकिरीसारखा वाटतो, कोणाला वाफेच्या फुत्कारासारखा, तर कोणाला दूर कोठे तरी अडकून राहिलेल्या शिट्टीसारखा. रोगी उठून खिडकी लावतो. आवाज खिडकीबाहेरचा नाही, हे त्याला त्या वेळी कळते, आणि येथूनच त्याची खरी चिंता सुरू होते.

ही व्यथा जुनी आहे. सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे २८ रोग सांगितले आहेत. त्यांत कानातील नादाला स्वतंत्र स्थान आहे. कर्णनाद आणि कर्णक्ष्वेड असा भेदही आयुर्वेदाच्या ग्रंथकारांनी केला. पहिल्यात भेरी, मृदंग, शंख यांच्यासारखे नाना प्रकारचे ध्वनी, तर दुसऱ्यात वेणूसारखा बारीक स्वर. कारणमीमांसा त्यांनी वातप्रकोपाच्या भाषेत मांडली; ती आज कोणी जशीच्या तशी स्वीकारणार नाही. परंतु ज्याने हे वर्णन प्रथम केले त्याने रोग्याचे बोलणे लक्ष देऊन ऐकले होते, एवढे निश्चित. आजच्या कित्येक दवाखान्यांत तेवढेही घडत नाही.

कानातला दाब आणि कानातला नाद या दोन तक्रारी एकाच आजारानंतर, एकाच वेळी येतात. त्यामुळे रोगी त्यांना एकच समजतो. दडा सुटला की आवाजही जाईल, असे त्याला वाटते. पुष्कळदा तसे घडतेही. परंतु दोहोंची उगमस्थाने वेगळी आहेत, त्यांच्या बरे होण्याचा मार्ग वेगळा आहे, आणि एकाला लागू पडणारी वागणूक दुसऱ्याला अपायकारक ठरू शकते. तेव्हा प्रथम दाबाचा विचार करू.

कानाच्या पडद्यामागे मध्यकर्ण नावाची हवेने भरलेली एक लहानशी पोकळी असते. ध्वनीचा आघात पडद्यावर होतो आणि तीन चिमुकल्या हाडांच्या साखळीतून तो आंतरकर्णाकडे जातो. पडदा मोकळेपणाने हलावयाचा तर त्याच्या दोन्ही बाजूंच्या हवेचा दाब सारखा असला पाहिजे. बाहेरची हवा तर सतत बदलणारी. शिवाय मध्यकर्णाचे अस्तर आतली हवा थोडी थोडी शोषून घेत असते. ही तूट भरून काढण्यासाठी निसर्गाने एक नळी ठेवली आहे. नाकाच्या मागच्या भागातून निघून ती मध्यकर्णात उघडते. प्रौढ माणसात तिची लांबी सुमारे साडेतीन सेंटीमीटर असते. सोळाव्या शतकातील इटालियन शरीरशास्त्रज्ञ बार्तोलोमेओ युस्टाकी याने तिचे सविस्तर वर्णन केले. म्हणून तिला युस्टेशियन नलिका असे म्हणतात.

ही नळी सदैव उघडी असते, अशी समजूत पुढे तीनशे वर्षे प्रचलित होती. लंडनचे कर्णरोगतज्ज्ञ जोसेफ टॉयनबी यांनी ती खोडून काढली. टॉयनबी हे विलक्षण चिकाटीचे गृहस्थ होते. त्यांनी आपल्या आयुष्यात दोन हजारांच्या आसपास कानांचे विच्छेदन केले. नळी एरवी मिटलेली असते आणि गिळताना टाळूचे स्नायू ताणले गेले म्हणजे क्षणभर उघडते, हे त्यांनी १८५३ साली दाखवून दिले. नाक चिमटीत धरून आवंढा गिळला की कानात जो हलका ‘टक्’ आवाज होतो, त्या कृतीला आजही त्यांचे नाव आहे. शिमल्याहून काल्क्याला उतरणाऱ्या गाडीत किंवा खाली येणाऱ्या विमानात प्रवाशांचे कान बंद होतात आणि आवंढा गिळल्यावर मोकळे होतात, त्याचे कारणही हेच.

आता सर्दीत काय होते ते पाहा. नाकाचे अस्तर सुजते, तसेच नळीचेही सुजते. तोंड मिटते. मध्यकर्णातील हवा शोषली जाते, पण नवी येत नाही. पडदा आत ओढला जातो. दाब फार घटला तर अस्तरातून पातळ द्रव झिरपू लागतो. त्यात जंतूंनी शिरकाव केला की ठणक, ताप आणि पू. प्रतिजैविकांनी किंवा शरीराच्या स्वतःच्या प्रतिकाराने जंतू नष्ट होतात, पण द्रव लगेच जात नाही. नळीची सूजही लगेच उतरत नाही. संसर्ग संपल्यावर हा द्रव काही आठवडे, क्वचित तीन महिन्यांपर्यंत राहणे हे नेहमीचे आहे. रोग्याला जो दडा जाणवतो तो या उरलेल्या द्रवाचा आणि आत ओढलेल्या पडद्याचा. घर धुऊन झाल्यावर फरशी वाळावयास वेळ लागतो, त्यातलाच हा प्रकार.

या काळात करण्यासारखे थोडेच असते, आणि न करण्यासारखे पुष्कळ. करावयाचे ते असे: पाणी वरचेवर प्यावे, काही तरी चघळावे, जांभई आली तर दाबू नये, नाक मिठाच्या कोमट पाण्याने स्वच्छ ठेवावे. नाक बंद करून हळुवार फुंकर मारण्याची कृती वालसाल्वा या इटालियन वैद्याच्या नावाने ओळखली जाते. सर्दी पूर्ण ओसरल्यावर, जोर न लावता, दिवसातून थोड्या वेळा ती करण्यास हरकत नाही. पण नाकात शेंबूड असताना जोराने फुंकणे म्हणजे घाण हाताने कानात ढकलणे होय. कानात लसूण घालून कढवलेले तेल सोडण्याची चाल आपल्याकडे काश्मीरपासून केरळपर्यंत आहे. पडद्याला भोक असेल तर हे तेल थेट मध्यकर्णात जाते, आणि भोक आहे की नाही हे घरात कोणालाच ठाऊक नसते. रस्त्याकडेला बसून कान कोरून देणाऱ्यांचे कसब नाकारण्याचे कारण नाही. परंतु दडा बसला आहे तो पडद्याच्या पलीकडे, आणि त्यांची सळई अलीकडे. शिवाय कापसाचा बोळा घालून कान बंद ठेवू नये. त्याने दडा तर जात नाहीच, उलट नाद अधिक मोठा वाटू लागतो. तो का, हे पुढे येईल.

तथापि सगळ्याच दड्यांना हे धीराचे शास्त्र लागू करणे घातक आहे. या विषयात सर्वांत अधिक नुकसान जर कोठे होत असेल तर ते येथे होते. कधी कधी सर्दीच्या पाठोपाठ, कधी काहीच निमित्त नसताना, एका कानाची श्रवणशक्ती एकाएकी, तासाभरात किंवा फार तर तीन दिवसांत खालावते. येथे बिघाड मध्यकर्णात नसून आंतरकर्णात किंवा श्रवणाच्या तंत्रिकेत असतो. पण रोग्याला जाणवते ते काय? कान भरल्यासारखा वाटणे आणि आत आवाज होणे. म्हणजे वरवर पाहता तीच दोन लक्षणे. रोगी म्हणतो, सर्दीने दडा बसला, सुटेल आपोआप. शेजारी म्हणतो, मळ असेल. औषधाच्या दुकानातून थेंब आणले जातात. असे पंधरा दिवस जातात, आणि स्टेरॉइड औषधांचा काही उपयोग होण्याचा जो काळ असतो तो नेमका हाच. पहिल्या दोन आठवड्यांत, त्यातही पहिल्या काही दिवसांत, उपचार सुरू झाल्यास ऐकू येण्याची क्षमता परत मिळण्याचा संभव अधिक असतो.

हे दोन प्रकार ओळखण्याचे साधन अगदी साधे आहे. नादकाटा वाजवून कपाळाच्या मध्यावर टेकवला असता, दोष मध्यकर्णात असेल तर त्याचा स्वर दुखऱ्या कानात अधिक मोठा ऐकू येतो. आंतरकर्णात असेल तर चांगल्या कानात मोठा वाटतो. ही परीक्षा एकोणिसाव्या शतकापासून चालत आली आहे. नादकाटा घरात नसतो. पण ओठ मिटून ‘म्’ असा लांब हुंकार काढला तरी अंदाज येतो. हुंकार दडा बसलेल्या कानात घुमला तर काळजीचे कारण कमी. तो उलट बाजूच्या, धडधाकट कानाकडे सरकला तर त्याच दिवशी कान-नाक-घसा तज्ज्ञाकडे जावे. अर्थात हा हुंकार म्हणजे निदान नव्हे. तो कसाही घुमला तरी ऐकू येणे अचानक कमी झाले असल्यास श्रवणतपासणी टाळू नये. आणखी तीन प्रसंगी विलंब करू नये. नाद नाडीच्या ठोक्यांबरोबर धडधडत असेल, सोबत घेरी येत असेल किंवा चेहऱ्याची एक बाजू लुळी पडली असेल, आणि प्रौढ माणसाच्या एकाच कानात द्रव महिनोन् महिने टिकून असेल. या शेवटच्या प्रसंगी नाकामागचा भाग दुर्बिणीने पाहणे आवश्यक ठरते. नळीचे तोंड एखाद्या गाठीने बंद केलेले असू शकते.

आता नादाकडे वळू. दडा पडद्यामागे असतो, हे समजणे सोपे आहे. नाद कोठे असतो?

रोगी बोट दाखवतो कानाकडे. शतकानुशतके वैद्यांनीही तेच केले. परंतु विसाव्या शतकात या समजुतीला एक जबर धक्का बसला. श्रवणतंत्रिकेवरील गाठ काढताना काही रोग्यांची ही तंत्रिकाच कापावी लागे. कान आणि मेंदू यांमधील तार अशा रीतीने तुटल्यावर नाद थांबावयास हवा होता. काहींचा कमी झालाही. पण अनेकांचा तसाच राहिला आणि काहींचा तर वाढला. जो आवाज तार तोडल्यावरही ऐकू येतो तो तारेच्या टोकाला निर्माण होत नसला पाहिजे.

आंतरकर्णात गोगलगाईच्या शंखासारखी वळलेली, द्रवाने भरलेली एक नळी असते. तिच्यात सूक्ष्म रोम असलेल्या पेशींच्या रांगा आहेत. त्यांपैकी आतल्या रांगेतील सुमारे साडेतीन हजार पेशी मेंदूकडे ध्वनीचा निरोप पाठवतात. बाहेरच्या रांगांतील सुमारे बारा हजार पेशी येणारा ध्वनी वाढवून देतात. मनुष्याच्या या पेशी एकदा नष्ट झाल्या की पुन्हा उगवत नाहीत. संसर्गाचे विष, विषाणू, मोठा आवाज किंवा काही औषधे यांनी त्यांतल्या काही मेल्या तर मेंदूला त्या त्या पट्टीतील निरोप येईनासे होतात. मेंदू हा प्रकार स्वस्थपणे स्वीकारीत नाही. जुन्या रेडिओवर दूरचे केंद्र नीट लागत नसले म्हणजे ऐकणारा आवाजाची कळ पिळीत जातो. केंद्र लागत नाही, खरखर मात्र वाढते. मेंदूतील श्रवणकेंद्रे असेच काहीसे करतात. येणारा निरोप क्षीण झाला की ती आपली ग्रहणशक्ती वाढवतात, आणि मुळात तेथे चालूच असलेली विद्युत्-कुजबुज नादाच्या रूपाने जाणिवेत येते. तुटलेल्या पायाच्या जागी बोटे दुखत असल्याचा भास होतो, त्याच्याशी हे नाते जवळचे आहे. निरोप पेशींच्या नाशाने कमी होवो की नुसत्या दड्याने, परिणाम तोच. म्हणून दड्यामुळे आलेला नाद दडा सुटल्यावर बहुधा विरतो, आणि म्हणूनच कापसाचा बोळा त्याला वाढवतो.

ही कुजबुज केवळ रोग्याच्याच मेंदूत असते असे नाही. हेलर व बर्गमन या अमेरिकी संशोधकांनी १९५३ साली श्रवण उत्तम असलेल्या ८० व्यक्तींना एकेक करून आवाजबंद खोलीत पाच मिनिटे बसवले आणि काय ऐकू येते ते विचारले. सुमारे ९४ टक्के व्यक्तींनी कसला ना कसला आवाज ऐकल्याचे सांगितले. गुणगुण, शिट्टी, फुत्कार, अशी त्यांची वर्णने रोग्यांच्या वर्णनांहून फारशी वेगळी नव्हती. ते लोक खोलीबाहेर आले आणि आपापल्या कामाला लागले, इतकाच फरक.

हा फरक कशाने पडतो, यावर पुढील काळात बराच विचार झाला. १९८४ साली हॅलम, रॅकमन व हिंचक्लिफ यांनी, आणि १९९० साली यास्ट्रेबॉफ यांनी निराळ्या अंगाने, असे मांडले की नादाचा त्रास हा नादाच्या मोठेपणावर अवलंबून नसतो. मोजमाप करून पाहता बहुतेकांचा नाद त्या पट्टीतील ऐकू येणाऱ्या किमान आवाजाहून जेमतेम पाच-दहा डेसिबेल वरचा भरतो. म्हणजे पानांच्या सळसळीएवढा. तरीही त्याने माणसे हैराण होतात, कारण मेंदूने त्याच्यावर धोक्याची खूण केलेली असते. घड्याळाची टिकटिक आपण ऐकत नाही. कारण तिचा अर्थ मेंदूला ठाऊक असतो आणि त्यात भयाचे काही नसते. पिठाच्या गिरणीवर राहणारे कुटुंब गिरणी चालू असताना झोपते आणि बंद पडली की जागे होते. परंतु आजारातून उठलेल्या माणसाच्या कानात जेव्हा हा आवाज प्रथम येतो तेव्हा तो वेदना, ताप आणि बहिरे होण्याची धास्ती यांच्या संगतीने येतो. मग तो दर तासाला कानोसा घेतो: आहे का अजून? असतोच. जितका कानोसा, तितका आवाज पक्का. बहुतेक रोग्यांना जे सांगितले जाते ते असे की, काही उपाय नाही, सवय करून घ्या. यातले दुसरे वाक्य खरे आहे, पण पहिल्याच्या मागून आल्यामुळे ते शिक्षेसारखे वाटते. सवय होणे ही मेंदूची एक क्रिया आहे. तिला मदत करता येते.

या ठिकाणी बेद्रिख स्मेताना या चेक संगीतकाराचे उदाहरण आठवावे. १८७४ साली तो ५० वर्षांचा होता आणि प्रागच्या रंगभूमीवर प्रमुख संगीतसंचालक होता. त्या उन्हाळ्यात त्याला घशाचा संसर्ग झाला, अंगावर पुरळ उठले आणि कान बंद झाल्यासारखे वाटू लागले. पाठोपाठ कानात उंच पट्टीचा स्वर. ऑगस्टमध्ये त्याला काम सोडावे लागले. ऑक्टोबर संपण्यापूर्वी दोन्ही कान पूर्ण बहिरे झाले. त्याच्या आजाराच्या मूळ कारणाविषयी तज्ज्ञांत आजही एकमत नाही, आणि सामान्य कर्णसंसर्गाचा शेवट असा होत नाही, हे येथे मुद्दाम सांगितले पाहिजे. चाहत्यांनी पैसा जमवला, तो परदेशी तज्ज्ञांकडे जाऊन आला, गुण आला नाही. १८७५ च्या आरंभी त्याने इतकी निराशा लिहून ठेवली आहे की वाचवत नाही. तरी व्ल्तावा नदीवरची त्याची जगप्रसिद्ध रचना बहिरेपणा पूर्ण झाल्यानंतर, २० नोव्हेंबर ते ८ डिसेंबर १८७४ या एकोणीस दिवसांत लिहिली गेली होती. १८७६ साली याब्केनित्से या खेड्यात राहत असताना त्याने चार तंतुवाद्यांसाठी ‘माझ्या जीवनातून’ ही रचना केली. तिच्या अखेरच्या भागात आनंदी नृत्याची लय चालू असताना संगीत एकाएकी थांबते आणि पहिल्या व्हायोलिनवर एक अत्युच्च, लांब स्वर उमटतो. १८७४ साली कानात उठलेला तो हाच स्वर, असे त्याने मित्राला पत्रातून कळवले. जो आवाज दुसऱ्या कोणालाच ऐकू येत नव्हता तो त्याने सभागृहाला ऐकवला. स्मेतानाचा नाद यामुळे गेला नाही. त्याचे पुढचे दिवसही सुखाचे नव्हते, आणि १८८४ साली त्याचा अंत मनोरुग्णालयात झाला. त्याच्या चरित्रातून उमेद देणारी गोष्ट बनवण्याची घाई करू नये. पण नाद पूर्ण जोरात असतानाच्या दहा वर्षांत त्याने जे काम केले ते नाद थांबण्याची वाट पाहत बसला असता तर झाले नसते, एवढे तारखांवरून दिसते.

सामान्य रोग्याची लढाई बहुधा रात्रीची असते. येथे अगदी जुने शहाणपण उपयोगी पडते. ॲरिस्टॉटलच्या नावावर असलेल्या एका प्रश्नसंग्रहात विचारले आहे की बाहेर आवाज केला म्हणजे कानातला आवाज का थांबतो. आणि मोठा ध्वनी लहान ध्वनीला हुसकावतो, असे उत्तर दिले आहे. फ्रेंच वैद्य इतार याने १८२१ च्या आपल्या ग्रंथात रोग्यांना धडधडत्या शेगडीजवळ बसण्याचा, किंवा तांब्याच्या भांड्यात पाण्याचे थेंब पडत ठेवण्याचा सल्ला दिला. आपल्याकडे हे काम छताचा पंखा न सांगता करतो. कर्णनादाच्या कित्येक रोग्यांना आपला नाद प्रथम जाणवतो तो उन्हाळ्यात मध्यरात्री वीज गेली आणि पंखा थांबला, त्या क्षणी. म्हणून निजण्याच्या खोलीत संपूर्ण शांतता ठेवू नये. पंखा, मंद लावलेला तानपुरा, पावसाचे ध्वनिमुद्रण, काहीही चालेल. मात्र त्याचा आवाज इतकाच ठेवावा की नाद त्यात मिसळून जाईल, बुडून जाणार नाही. जे कानावर पडतच नाही त्याची सवय मेंदूला होणार कशी? दिवसा कानात बोळे घालून गर्दी, बाजार, मुलांचा गलका टाळणारे रोगी काही महिन्यांत साध्या भांड्यांच्या आवाजानेही दचकू लागतात. बोळे जपून ठेवावेत ते वरातीच्या बँडसाठी, फटाक्यांसाठी आणि कारखान्यातील यंत्रांसाठी.

श्रवण कमी झाले असेल तर श्रवणयंत्र लावल्याने ऐकू तर येतेच, पण बाहेरचे निरोप पुन्हा येऊ लागल्याने नादही पुष्कळांना मागे सरल्यासारखा वाटतो. यंत्र म्हणजे म्हातारपणाची जाहिरात, या समजुतीपायी आपल्या समाजात ही मदत वर्षानुवर्षे लांबणीवर टाकली जाते. मनाच्या प्रशिक्षणाची जी पद्धत आहे, जिच्यात नादाविषयीचे भयप्रद विचार तपासून बदलण्याचा अभ्यास करवून घेतात, तिच्याविषयी २८ चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२० साली प्रसिद्ध झाला. तिने नादाचा त्रास कमी होतो, असा त्याचा निष्कर्ष आहे. येथे घरच्यांनी एक चूक टाळावी. मनाचा उपचार उपयोगी पडतो म्हणजे रोग मनाचा खेळ आहे, असे होत नाही. ‘दिसत तर काहीच नाही’ हे वाक्य रोग्याने एव्हाना शंभरदा ऐकलेले असते.

औषधांच्या बाबतीत सांगण्यासारखे थोडे आणि निराशेचेच आहे. नाद घालवणारी गोळी अद्याप सापडलेली नाही. जिंको नावाच्या वृक्षाचा अर्क, जस्त, नाना प्रकारची जीवनसत्त्वे यांची विक्री जोरात आहे. अमेरिकेतील कान-नाक-घसा तज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ साली आपल्या मार्गदर्शक सूचनांत जिंको, जस्त यांसारखी द्रव्ये नादासाठी देऊ नयेत असे स्पष्ट म्हटले आहे. उलट काही औषधे नाद उत्पन्न करतात. मोठ्या मात्रेतील ॲस्पिरिन आणि हिवतापावरचे क्विनाइन यांचा नाद बहुधा औषध थांबल्यावर जातो. क्षयावर दिल्या जाणाऱ्या अमिकासिनसारख्या इंजेक्शनांनी मात्र रोमपेशी कायमच्या मरू शकतात. अशा रोग्याने कानात आवाज येऊ लागताच डॉक्टरांना सांगावे. औषध आपल्या मनाने बंद करू नये.

नाद घालवण्याची ओढ किती टोकाला जाऊ शकते याचा दाखला ज्यांनी नळीचे कोडे सोडवले त्या टॉयनबींच्याच आयुष्यात आहे. क्लोरोफॉर्म व प्रुसिक आम्ल यांची वाफ हुंगून, नाक बंद करून ती नळीतून मध्यकर्णात ढकलली तर नाद शमेल, अशी त्यांची कल्पना होती. ७ जुलै १८६६ रोजी त्यांनी हा प्रयोग स्वतःवर केला. आपल्या सल्लागारखोलीत ते मृतावस्थेत आढळले. जवळच त्यांचे घड्याळ आणि प्रयोगाची टिपणे पडलेली होती. त्या वेळी ते ५० वर्षांचे होते.

तपासणीचा खर्च व अंतर ही आपल्या देशातील खरी अडचण आहे. म्हैसूर येथे १९६५ साली स्थापन झालेली अखिल भारतीय वाक् व श्रवण संस्था आणि मुंबईतील अली यावर जंग यांच्या नावाची, १९८३ साली स्थापन झालेली राष्ट्रीय संस्था येथे श्रवणाच्या सर्व चाचण्या होतात. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत आणि बहिरेपणा प्रतिबंधाच्या राष्ट्रीय कार्यक्रमाखाली २००७ पासून अनेक जिल्हा रुग्णालयांतही निदान पहिली चाचणी होऊ शकते. संसर्गानंतर दडा किंवा नाद राहिला असेल तर श्रवणालेख एकदा लगेच काढावा आणि तीन महिन्यांनी पुन्हा. दोन्ही कागद जपून ठेवावेत. पुढे कधी पुन्हा कान दुखला, तर नव्या डॉक्टरांना त्यांचा उपयोग होतो. तोवर डोके बुडवून पोहू नये, आणि पडद्याला भोक असल्याचे सांगितले असेल तर आंघोळीच्या वेळी कानात व्हॅसलीन लावलेला कापूस ठेवावा व अंग पुसल्याबरोबर तो काढून टाकावा.